तेलाले आधी ओसरीवर बसव

काकींना माणसाचं नाव लक्षात राहत नसे. कातडी मात्र जन्मभर लक्षात राही. आमच्या शाळेचे हेडमास्तर म्हणजे 'थे मानेवर घामोळंवाले'. पोस्टमन म्हणजे 'कोरडा'. गावात एक मोठे बागायतदार होते, त्यांच्यासमोर भलेभले उभे राहून बोलत. काकींच्या लेखी ते 'नाकाशी तेल सुटते थो' एवढेच होते. मी तीन वर्षं त्यांच्या घरात भाड्यानं राहिले. एवढ्या काळात त्यांनी एकदाही माझं नाव घेतल्याचं आठवत नाही. तोंडावर मी 'मास्तरीन' होते, आणि माझ्यामागे, हे मला फार उशिरा कळलं, 'भेल्या कातडीची पोरगी', म्हणजे जिची कातडी भ्यालेली आहे ती.

सत्तरचं दशक अर्धं सरलं असेल तेव्हाची ही गोष्ट. माझ्या नोकरीचं पहिलंच गाव अनसिंग. वडील शेलूबाजारजवळच्या एका खेड्यात दुसऱ्याच्या वावरात राबत. त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते, आणि महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी आमच्या घरातली मीच पहिली. मला एसटीत बसवायला अर्धी वस्ती आली होती. एवढे हात हलताना पाहून कोणालाही बळ आलं असतं. मला मात्र एकच काळजी, की पदर गालांवरून सरकला तर नाही ना. तोंडभर मुरुमं होती. वाशीमहून अनसिंगला येणाऱ्या रस्त्यावर होते त्याहून जास्त खड्डे आणि उंचवटे माझ्या तोंडावर होते. वर कातडी इतकी नाजूक, की साबण बदलला तरी पेटायची.

खोली शोधायला हेडमास्तर स्वतः हिंडले. तीन घरं बघितली. तिन्ही घरांत चहा झाला, गप्पा झाल्या, मग कोणीतरी सहज विचारल्यासारखं आडनाव विचारलं, आणि नेमकी तीच खोली मेहुण्यासाठी राखून ठेवल्याचं निघालं. त्या वर्षी त्या गावात मेहुण्यांची फारच ये-जा असावी.

चौथं घर काकींचं. गावाच्या कडेला, मागे बैलाचा लाकडी तेलघाणा. गावात मोटारीवर चालणारी तेलाची गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण काकींचा घाणा चालूच होता. नवरा गेलेला, मुलगा अकोल्याला नोकरीला. सणावाराला तो बायको आणि लहान मुलाला घेऊन यायचा. एरवी घरात काकी, बैल आणि बरण्या. काकी ठेंगण्या होत्या, कपाळ मोठं, आणि हात मात्र पुरुषासारखे रुंद, तळवे काळपट. त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"पदर काढ. उन्हात ये."

मी आले. वीतभर अंतरावरून त्या माझ्या गालांकडे बघत राहिल्या. डाळ निवडणारी बाई जशी सुपाकडे बघते तसं.

"दिवसातून किती खेपा धुतं तोंड?"

"पाच-सहा."

"साबनानं?"

"हो."

"म्हनून. कातडी भेली हाये तुही. भेलं मानूस लय बोलते, भेली कातडी लय तेल सोडते."

नाकावर माशी बसू न देणारी मी. तीन घरांचा राग पोटात होताच. म्हटलं, "आडनाव सांगू का?"

"कायले? थे का तोंडाले लावाचं हाये?"

हेडमास्तर खाली बघून हसले. खोली ठरली.

त्या घरातल्या दुपारी मला अजून स्वप्नात येतात. तेलाच्या खोलीला छपरात एकच काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाची एक पट्टी खाली उतरायची आणि दिवसभर बरण्यांवरून हळूहळू सरकत जायची. सकाळी ती करडईवर असायची, तेव्हा ते तेल फिक्या चहासारखं दिसे. मग जवसावर, मग तिळावर. दुपार कलली की करंजाच्या लालसर बरणीवर, आणि शेवटी कोपऱ्यातल्या निंबोळीच्या तेलावर येऊन ती विझायची. मागे घाण्याची कुरकुर, बैलाच्या गळ्यातली घंटा, आणि सगळ्या घरभर कडू-गोड असा एक वास, जो कपड्यांत, वह्यांत, केसांत मुरलेला. त्या कुरकुरीत वह्या तपासता तपासता माझा डोळा लागायचा. पोरांना त्या वर्षी गणितात बरेच मार्क फुकट मिळाले असणार.

काकींचं ठाम मत होतं, की तेलसुद्धा दुपारी झोपतं. बारा ते चार बरणी हलवायची नाही, झाकण उघडायचं नाही, तेलाच्या खोलीत मोठ्यानं बोलायचं नाही. गिऱ्हाईक आलं तर चारपर्यंत ओसरीवर बसायचं. एकदा एक माणूस भर दुपारी आला आणि तेल द्या म्हणून अडून बसला. काकी ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हळू बोल भाऊ, आत्ताच निजलं थे." तो बिचारा आत लहान मूल आहे असं समजून अर्धा तास कुजबुजत बसला.

आणि त्यांचा दुसरा नियम म्हणजे कोपर. चेहऱ्याला तेल हवं असलेल्या कोणालाही त्या आधी कोपराच्या आतल्या खळग्यात एक थेंब लावायला सांगत. सात दिवस रोज तिथेच, त्याच जागी. खाज नाही, लाली नाही, तर आठव्या दिवशी गाल. "तेलाले आधी ओसरीवर बसव," त्या म्हणत. "कोपर म्हंजे ओसरी. पाव्हना कसा हाये थे पाय. मंग घरात घे." एक बाप मुलीला घेऊन आला होता. लग्न आठ दिवसांवर, पोरीच्या तोंडावर पुटकुळ्या. तो म्हणाला, सात दिवस कोपरात घालवले तर तोंडाला उरला एक दिवस. काकींनी शांतपणे सांगितलं, "मंग लग्न पुढं ढकला." तो तणतणत निघून गेला. काकींना त्यात काय चुकलं ते कळलंच नाही.

माझं औषध ठरलं होतं: करडईचं तेल, त्यात निंबोळीच्या तेलाचा थेंब. वाटीभर तेलाला एकच थेंब, तोही काडीच्या टोकानं. तेलकट तोंडाला पुन्हा तेल, हे ऐकून शाळेतल्या बाई हसल्या होत्या. मी काकींना तसं सांगितलं. "काट्यानंच काटा निंगते," त्या म्हणाल्या. "खोबरेल मातर नोको, जड हाये. कातडीची भोकं बुजवते. करडई हलकी. आली कवा, गेली कवा, समजत नाही." साबण बंद. दोन वेळा साधं पाणी, मऊ धडप्यानं टिपायचं, घासायचं नाही. आणि वाट बघायची. वाट बघणं हेच त्यातलं खरं औषध असावं, असं आता मला वाटतं. पण विशीत कोणाला वाट बघता येते?

एक दिवस त्या माझ्या खोलीत आल्या. भिंतीवर मी बुद्धाची तसबीर लावली होती. काकी तिच्यासमोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मी मनात उत्तरं तयार करत होते.

"काय साफ चेहरा हाये," त्या म्हणाल्या. "एक डाग नाही. हा देव काय लावत असंन तोंडाले?"

"ते देव नाहीत काकी. माणूस होते."

"मंग तर अजूनच नवल."

त्या दिवशी मी खूप हसले, आणि त्यांचा लळा लागला. तरीही माझ्या मनात एक खडा होताच, तो सांगायला हवा. घरात मला सगळं मोकळं होतं. चूल मोकळी, माठ मोकळा. त्यांनी थापलेली भाकर मी रोज खायची. ती नेहमी किंचित कडू लागायची, मला वाटायचं ज्वारीच तशी असेल. पण काकी मला हात लावत नसत. तेलाची वाटी माझ्यापुढे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तूच लाव." त्याच काकी शेजारच्या पाटलीणबाईंच्या भेगाळलेल्या टाचा मांडीवर घेऊन तासतासभर चोळत. मजुरांच्या पाठी चोळत, म्हाताऱ्यांचे गुडघे चोळत. दिवाळीला मी नवं लुगडं नेसून पाया पडले. त्यांनी माझी अलाबला घेतली, पण हात गालांपासून वीतभर लांब, हवेतच फिरले आणि मग कानशिलावर बोटं कडाकडा मोडली.

पाटलिणीच्या टाचा चालतात, माझे गाल चालत नाहीत. पाणी देणारी माणसंही कुठेतरी येऊन थांबतात, आणि ती कुठे थांबतात हे शोधायची सवय मला लहानपणापासून होती. मला ती जागा सापडली असं वाटलं. त्या तीन घरांचा मला नुसता राग आला होता. काकींचं मात्र लागलं.

त्यात शाळेत रोज नवी परीक्षा. मी फळ्याकडे तोंड करून शिकवायची, पोरांकडे वळायची नाही. हेडमास्तरांनी दोनदा समजावलं. मग एका संध्याकाळी मी राजीनामा लिहिला आणि वहीत घडी घालून ठेवला. वडिलांना काय सांगायचं तेवढं सुचत नव्हतं. एवढ्या लोकांनी हात हलवून पाठवलेली मुलगी मुरुमांना भिऊन परत आली, हे कसं सांगणार? आणि खरं तर नुसत्या मुरुमांना भिऊनही नव्हे.

दुसऱ्या वर्षीचा, पावसाळ्याच्या तोंडचा एक रविवार होता. काकी कोणाच्या तरी मळ्यात निंबोळ्या गोळा करायला गेल्या होत्या. मी दर वेळी मध्येच सोडून द्यायची, त्यामुळे माझं कोपर सातव्या दिवसाला कधी पोचलंच नव्हतं; आताही पुन्हा चौथा दिवस चालू होता. दुपारची वेळ, बरण्या झोपलेल्या. मी तेलाच्या खोलीत शिरले. काकींचा सगळा राग जणू त्या निंबोळीच्या बरणीवर काढायचा होता. थेंबानं गुण येतो तर ओंजळीनं लवकर येईल, तोंड साफ होईल, मग हिच्या हाताची आणि हिच्या खोलीची गरजच काय, असा माझा हिशेब. झाकण काढलं आणि ते काळपट, जळक्या लसणासारख्या वासाचं तेल नुसतंच, काही न मिसळता, कपाळापासून हनुवटीपर्यंत चोपडलं.

पहिला अर्धा तास गार वाटलं. मग तोंडावर मुंग्या चालायला लागल्या, मग त्या चावायला लागल्या. मी धुतलं, साबणानं धुतलं, पुन्हा धुतलं, आणि आगीत रॉकेल ओतल्यासारखं झालं. काकी परतल्या तेव्हा मी ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. डोळे सुजून बारीक झाले होते आणि गाल उकडलेल्या बिटासारखे दिसत होते.

"अवं माय! काय करून बसली?"

त्या धावत आल्या. दोन्ही हात पुढे केले आणि माझ्या गालांपासून वीतभर अंतरावर ते थांबले. त्याच जागी. मग मला राहवलं नाही.

"लावा ना हात! कायले थांबले? पाटलिणीच्या टाचा चोयता, अन् मले हात लावाले तुमाले विटाळ होते का? तोंडावर सांगा एकदाचं, मी उद्याच खोली खाली करतो!"

एवढं मी कोणाला कधी बोलले नव्हते. घाण्याचा बैल मान वळवून बघत होता.  काकी माझ्यापुढे बसल्या, माझा डावा हात ओढून मांडीवर घेतला, घट्ट धरला, आणि आपल्या अंगठ्यानं कोपराच्या खळग्यात एक रेघ ओढली. तेल नाही, पाणी नाही. नुसता कोरडा अंगठा.

"बस आता. हालू नोको."

मळ्यातून आणलेल्या निंबोळ्या त्यांनी अंगणात पसरल्या. मग थंड पाण्यात धडपं भिजवून माझ्या गालांवर टाकलं, तेही धडप्याची टोकं चिमटीत धरून. धडपं गरम झालं की बदलायच्या. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं, तिथून गोठ्याच्या भिंतीवर चढलं.  माझ्या कोपराला खाज सुटली. मी पाहिलं, तर जिथून अंगठा गेला होता बरोबर तिथे एक लाल, उंच रेघ उठली होती. जणू कोणी शाईनं आखली असावी.

"समजलं?" काकी म्हणाल्या. त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "पस्तीस-चाळीस वर्सं झाले, या हातात करंज मुरून राह्यलं, निंबोई मुरून राह्यली. राखेनं घासलं, बेसनानं घासलं, निंगत नाही. टाचेले चालते हा हात. पाठीले चालते. गालाले नाही चालत वं. माह्या नातवाचा गाल म्या आजलोक धरला नाही. एकदा धरला होता, थो दोन रोज रडला. तवापासून हवेतच करतो समदं." तळवे मांडीवर पालथे ठेवून त्या म्हणाल्या, "तुले वाटलं, तुह्या जातीचं हाये."

 दिवाळीला नातवाची अलाबलाही त्यांनी हवेतच घेतली होती. मी तिथेच उभी होते, समोर घडलेलं मला दिसलं नव्हतं. मी फक्त माझ्याकडे येणारा हात मोजत होते. आणि ती भाकर! रोज कडू लागणारी भाकर मी ज्वारीच्या माथी मारली होती. मला इतकं रडू आलं, की सुजलेल्या डोळ्यांतून ते धड बाहेरही येईना. काकी घाबरून म्हणाल्या, "रडू नोको, खारं पानी झोंबते गालाले."

मी चुकले होते, पण उगीच चुकले नव्हते, हेही काकींना कळलं होतं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमाले लोकायनं लय ओसरीवर बसवलं, म्हनून तुले सगयीकडे ओसरीच दिसते." हे बोलून त्या बैलाला पाणी दाखवायला उठल्या.

आठ दिवस माझ्या तोंडाला काहीही लावलं नाही, फक्त गार पाणी. चौथ्या दिवशी, सूज उतरायच्या आतच, काकींनी मला शाळेत पिटाळलं. "घरात बसून कातडी अजून भेते," त्यांचं म्हणणं. मी तसल्या तोंडानं वर्गात गेले आणि पहिल्यांदाच पोरांकडे वळून उभी राहिले, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, भाजलं का वं?" मी म्हटलं, "हो, माझ्याच हातानं." मग आम्ही अपूर्णांक शिकलो.

पुन्हा कोपर, पुन्हा सात दिवस, मग गाल. करडईचं वाटीभर तेल, त्यात काडीच्या टोकाचा थेंब. काकींनी ते एका बाटलीत भरून दिलं, पण बाटलीला बूच नव्हतं. मी वहीतला राजीनामा काढला, त्याची घट्ट गुंडाळी केली आणि बाटलीच्या तोंडात बसवली. कागद तेल प्यायला, अक्षरं दोन्ही बाजूंनी दिसायला लागली. काकींना वाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "बूच बराबर बसलं." करडईची वावरं पिवळी झाली, मग काटेरी झाली, मग कापून झाली, तोवर माझं तोंड साफ झालं होतं. तेलानं झालं, साबण सुटला म्हणून झालं, की नुसतं वय पुढे सरकलं म्हणून, कोण जाणे. काकींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कातडीचं भेव गेलं." मला ते पटलं.

तिसऱ्या वर्षी माझी बदली झाली, धनजला. मी बातमी सांगितली त्या दिवसापासून काकींनी घाण्याला हात लावला नाही. गावातल्या एका माणसाला बैल हाकायला बसवलं. उजव्या हाताला मनगटापर्यंत पांढरं फडकं गुंडाळलं आणि डाव्या हातानं कामं करू लागल्या. डाव्या हाताच्या भाकरी वेड्यावाकड्या व्हायच्या. कोणी विचारलं तर म्हणत, "हात दुखते." पाटलीणबाई टाचा घेऊन दोनदा येऊन परत गेल्या. मी वैद्याकडे चला म्हटलं, तर माझ्यावरच ओरडल्या. सकाळ-संध्याकाळ मोरीत बसून काहीतरी घासत असत, रिठ्याचा फेस बाहेरपर्यंत यायचा. माझ्या डोक्यात तेव्हाही उजेड पडला नाही. मास्तरीण नावाचीच.

निघायच्या दिवशी त्या एसटीपर्यंत आल्या. सामान टपावर चढलं, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. काकींनी दातानं गाठ सोडली आणि फडकं काढलं. आतला हात मी ओळखलाच नाही. पांढराफटक पडलेला, धुऊन धुऊन सुरकुतलेला, बोटांची टोकं सोललेली.

"पंधरा रोज बाजूले ठेवला," त्या म्हणाल्या. "हुंगून पाय, वास येते का."

मी हुंगला. आत खोल कुठेतरी करंज होतंच.

"नाही येत," मी म्हटलं.

मग त्यांनी तो हात माझ्या उजव्या गालावर ठेवला. वीतभर लांब नाही, हवेत नाही. गालावर. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकदा फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. एसटी सुटली. मागच्या काचेतून बघत होते, तर काकी तो हात छातीशी धरून उभ्या होत्या.

धनजला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या उजव्या गालावर बारीक पुरळ उठलं, बरोबर बोटं गेली होती तिथे. करडईची बाटली पेटीतच होती, तेच बूच लावलेली. मी ती काढली नाही. पुरळ नऊ दिवस राहिलं. दहाव्या दिवशी सकाळी आरशात बघितलं, गाल साफ झाला होता, बोटांची खूणही उरली नव्हती, आणि मी रडले.